आवडती तीन पुस्तकं

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या भागातल्या मराठी घरांनी पुस्तकांची पेटी सुरू करायचं ठरवलं. भाग म्हणजे कॅमडेन टाउन, केंटिश टाउन, चॉक फार्म आणि थोडंसं बेलसाइझ पार्क. घरं एकोणीस. भारतातून येताना प्रत्येकाने चार-पाच पुस्तकं आणायची, ती चाकांच्या एका जुन्या सुटकेसमध्ये भरायची आणि सुटकेस दर महिन्याला पुढच्या घरी ढकलत न्यायची, इतकी साधी योजना. मी घरी असते, मराठीची एम.ए. आहे, लग्नाआधी चार वर्षं हायस्कुलात शिकवलंय. त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे कुणी न बोलताच ठरलं होतं.

मी उत्साहाने फॉर्म तयार केला. नाव, पत्ता, घरात मुलं किती, सुटकेस ठेवायला जागा आहे का, आणि शेवटचा प्रश्न: तुमची सर्वांत आवडती तीन पुस्तकं. खाली लिहिलं की यावरून पेटीत काय असावं ते ठरवता येईल. ते अगदीच खोटं नव्हतं. पण मला खरं म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते बघायचं होतं.

उत्तरं आली. एकोणीसपैकी अकरा घरांनी ‘मृत्युंजय’ लिहिलं. पु.लं.चं काही ना काही आठ ठिकाणी. ‘श्यामची आई’ सहा ठिकाणी, त्यातल्या दोघांनी पुढे ‘मुलांसाठी’ अशी पुस्ती जोडलेली. एका गृहस्थांनी ‘ज्ञानेश्वरी’ लिहून पुढच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या, म्हणजे आता यावर काय बोलणार? एकीने ‘कोसला’, ‘रणांगण’ आणि ‘बलुतं’ लिहिलं आणि मी मनातल्या मनात तिच्या गळ्यात पडले. (नंतर कळलं की ‘रणांगण’ तिने वाचलेलंच नाही. नवऱ्याने सांगितलं, लिही, चांगलं दिसतं.)

आणि एका फॉर्मवर होतं: १. दहावीचं अपेक्षित. २. तेच. ३. तेच.

इथेच वाढलेल्या मुलांसाठी सांगते. अपेक्षित म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत येतील असे प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी ते पाठ केलं आहे आणि परीक्षेनंतर रद्दीत घातलं आहे. मला वाटलं, या बाईंनी थट्टा केली किंवा आपण वाचत नाही हे सांगायची ही त्यांची तऱ्हा असावी. मी त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. पेटीच्या निमित्ताने आमच्या घरी पहिली बैठक ठरली तेव्हा दिवाणखान्यात आठच माणसं मावणार होती. ती आठ मी यादीवरून निवडली. बाकीच्यांना जागेची अडचण कळवली. त्यांच्याकडून अंगठा आला.

हा रोग मला कुठे जडला तेही सांगायला हवं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. करत होते. विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. त्याच आवारात आम्ही मुलं-मुली खांडेकर आवडतात हे कबूल करायला लाजायचो. ‘ययाति’ शाळेत असताना रडत रडत वाचलेली असायची, पण ते आता सांगायचं नाही. हातात ‘कोसला’ हवी. ती १९६३ची, म्हणजे आमच्या आई-वडिलांच्या वयाची. तरी ती धरली की आपण आजचे, असं वाटायचं. वपु आवडतात म्हणणाऱ्या मुलीला आम्ही ‘डायरीत वाक्यं उतरवून घेणारी’ म्हणायचो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी महाराष्ट्रातल्या किती माणसांना वाचनाची गोडी लागली, हे प्राध्यापक वर्गात सांगायचे आणि आम्ही ते परीक्षेपुरतं लिहायचो. माझे आजोबा गिरणीत होते आणि अर्नाळकरांचे भक्त होते. त्यांच्याविषयी मी कॉलेजात ‘आजोबांना वाचनाची आवड होती’ एवढंच सांगायची. काय वाचायचे ते सांगत नसे. पुढे खांडेकरांसारखंच नेमाड्यांनाही ज्ञानपीठ मिळालं, एकाला १९७४चं, दुसऱ्याला २०१४चं. ज्ञानपीठाने दोघांना एका ओळीत बसवलं. आमच्या डोक्यातल्या ओळी काही बदलल्या नाहीत.

कांदेपोह्यांच्या वेळी मी मुलांना एकच प्रश्न विचारायचे. आताच्या नवऱ्याने उत्तर दिलं, “पार्टनर”. मी आत जाऊन आईला म्हटलं, जमणार नाही. बाबा म्हणाले, “अगं, याच्या आधीच्या दोघांनी पुस्तकाचं नावच घेतलं नव्हतं.” लग्न झालं. वर्षभराने मी त्याला विचारलं, ‘पार्टनर’मध्ये एवढं काय आवडलं होतं? तो म्हणाला, हॉस्टेलवर टायफॉइड झाला होता, खोलीत दुसरं पुस्तक नव्हतं, रूममेटने रात्रभर जागून ते मोठ्याने वाचून दाखवलं. तो रूममेट आमच्या लग्नात वाढपी होऊन फिरत होता. मला त्याचं फक्त नाव माहीत होतं.

त्यावरून मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. उलट इथे आल्यावर या रोगाला खतपाणीच मिळालं. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत मुलांच्या वाचनाच्या पुस्तकांना पातळीप्रमाणे रंग असतात: गुलाबी, लाल, पिवळा, निळा, असं करत सोनेरी, पांढरा, पोपटी. शाळा सुटली की फाटकाशी सगळ्या आया आपल्या मुलाचं दप्तर घेता घेता दुसऱ्याच्या दप्तरातून कुठला रंग डोकावतोय ते बघतात. तोंडाने हवामानाच्या गप्पा चालू असतात. माझी लेक नारिंगीवर तीन महिने अडकली होती, ते तीन महिने मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. नवरा म्हणाला, “ती वाचतेय आणि हसतेय, आणखी काय हवं?” त्याला काय कळतं, ‘पार्टनर’वाला.

तर, या वर्षी मे महिन्यात सासूबाई आणि सासरे आले होते. लंडनला आलेल्या मराठी पाहुण्यांची एक ठरलेली फेरी असते आणि आम्हाला तिच्यातलं एक ठिकाण पायी अंतरावर आहे: दहा, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून पाच-सात मिनिटं, प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर या घरात राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. मधे घराचं संग्रहालय करायला परवानगी आहे की नाही यावरून कॅमडेन कौन्सिलशी वाद झाला, तो २०२०मध्ये मिटला. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या घरांसारखंच घर, फक्त भिंतीवर निळी गोल पाटी.

मी या घरात इतक्या पाहुण्यांना नेलंय की माझं बोलणं पाठ झालंय. इथे राहून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. बॅरिस्टरीचं शिक्षण ग्रेज इनमध्ये चालू होतं. उरलेला दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. ग्रेज इन आणि म्युझियम दोन्ही आजच्या कॅमडेनच्याच हद्दीत येतात. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. पापड म्हटलं की सासूबाईंसारख्या बायका हमखास हळहळतात आणि मी पुढच्या खोलीकडे वळते.

पण त्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, “यांचं आवडतं पुस्तक कुठलं गं?”

मी नेहमीची केळुसकरांची गोष्ट सांगितली. कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. भीमराव त्यांचा विद्यार्थी नव्हता, तो एल्फिन्स्टनमध्ये होता. पण चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसतो म्हणून केळुसकरांनी आपणहून ओळख करून घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळवून द्यायलाही तेच धावले. १९०७मध्ये हातात पडलेलं ते पुस्तक. मधे अमेरिका झाली, लंडन झालं, १९१७मध्ये परत जाताना पुस्तकांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराने बुडाली, पुन्हा लंडन झालं, दादरला पुस्तकांसाठी राजगृह बांधून झालं. आणि १९५६मध्ये बुद्धावरच्या आपल्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा त्यांनी केळुसकरांच्या त्या भेटीपासून सुरुवात सांगितली. एकोणपन्नास वर्षं.

“म्हणजे १९२१मध्ये कुणी या घरात येऊन त्यांचं टेबल बघितलं असतं,” सासरे म्हणाले, “तर म्हणाला असता, रुपयाच्या हिशेबात बुडालेला कोरडा माणूस आहे.” ते बँकेत कॅशियर होते. रुपयाचा हिशेब त्यांच्या मनात आधी येतो.

मागून कुणीतरी हसलं. वळून बघितलं तर त्या. अपेक्षितवाल्या. रात्रपाळी करून आलेल्या होत्या, सोबत गावाकडून आलेला भाचा. मला म्हणाल्या, “छान सांगता मॅडम तुम्ही.” मला ‘मॅडम’ म्हणणारं लंडनमध्ये कुणी नाही. मी एकदम ओशाळले. त्यांना बैठकीला बोलावलं नव्हतं हे त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे, मला आठवत होतं.

सासूबाईंना चढ झेपत नाही, म्हणून त्या आणि सासरे तिथेच थांबले, भाचा फोटो काढत बसला आणि आम्ही दोघी प्रिमरोझ हिलवर बाकावर बसलो. मी विषय काढला. म्हटलं, ताई, फॉर्मवर तुम्ही ते गमतीने लिहिलं होतं ना?

“नाही हो. आवडतं विचारलं होतं की तुम्ही.”

त्या उदगीरकडच्या. आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी कुठली म्हणून विचारलं त्यांनी, मी सांगली म्हटलं, तर म्हणाल्या, “मग तुमच्याकडंच यायचो की आम्ही.” दसरा झाला की मुकादम उचल देणार, मग ट्रॅक्टरमध्ये बसून टोळी निघणार, ती मार्चपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपीत. धाकट्या भावाला सांभाळायला यांना बरोबर नेत. शाळा म्हणजे वर्षाचे चार-पाच महिने, तेही वर्गात मागे बसायचं. नववीनंतर शाळेने नाव काढलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं, पण शिकवणार कोण? मुकादमाच्या मुलीने आदल्या वर्षीचं अपेक्षित दिलं. मुखपृष्ठ नव्हतं, भूमितीची सुरुवातीची पानं गेलेली. “पाठ्यपुस्तक पण होतं माझ्याकडं,” त्या म्हणाल्या, “पण ते वाचून पुढं काय करायचं ते त्यात नसतंय. धड्याखाली प्रश्न असतात, त्यांची उत्तरं सर सांगतात. मला सर नव्हते. ह्यात उत्तर लिहिलेलं होतं. उत्तर कसं लिहितात तेच मला तोवर माहीत नव्हतं.”

कोपीत चिमणीच्या उजेडात तीन वेळा ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं. बावन्न टक्के पडले. मग बारावी, मग लातूरला जीएनएम, मुंबई, आणि आता बारा वर्षं इथे. ते पुस्तक पुढे धाकट्या बहिणीला दिलं, तिने गावातल्या कुणाला तरी. “तीनदा तेच लिहिलं कारण तीनदा वाचलं,” त्या म्हणाल्या. “दुसरं इतक्यांदा कुठलं वाचलेलं नाही.”

त्यांच्याशी बोलताना माझं लक्ष पुरतं लागत नव्हतं, आणि त्याला कारण आहे.

शाळेत मी गाइडची कट्टर शत्रू होते. मुलांनी धडा स्वतः वाचावा, आपल्या शब्दांत लिहावं, चुकलं तरी चालेल, असं माझं ठाम मत होतं आणि ते मत अजूनही चुकीचं वाटत नाही. सगळ्या वर्गाची उत्तरं शब्दाला शब्द एकसारखी आली की डोकं फिरतं. एका जानेवारीत मी नववी ‘ब’मध्ये अचानक दप्तरं तपासली आणि तेवीस गाइडं गोळा केली. वर्षअखेरीला परत देईन म्हणून शिक्षकखोलीतल्या कपाटात ठेवली. वर्गात दोन मुलं टोळीची होती. हंगामापुरती शाळेत येत. त्यातल्या एकाचं गाइड सुतळीने शिवलेलं होतं. ते मी सगळ्या वर्गासमोर वर धरून म्हणाले होते की बघा, किती प्रेम आहे गाइडवर! वर्ग हसला. तोही हसला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊस संपला, टोळी गेली. वर्षअखेरीला मी बावीस गाइडं परत दिली. तेविसावं कपाटातच राहिलं. जूनमध्ये माझं लग्न झालं आणि नोकरी सोडताना मी कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंकडे दिली.

प्रिमरोझ हिलवर मी हे ताईंना सांगितलं नाही. त्यांच्याविषयी लिहू का, असं मात्र नंतर विचारलं. लिहा म्हणाल्या, नाव नको. तेविसाव्या गाइडचं त्या इथेच पहिल्यांदा वाचतील.

घरी येऊन मी पेटीचं नीट बघायला घेतलं. मधल्या काळात एका सदस्यांनी सुचवलं होतं की पेटीत पुरस्कारप्राप्त पुस्तकंच ठेवू, म्हणजे दर्जा राहील. आधी मलाही पटलं होतं. आता मला कॅमडेनचाच एक जुना नगरसेवक आठवला. व्ही. के. कृष्ण मेनन, आपले नंतरचे संरक्षणमंत्री, १९३४पासून तेरा वर्षं सेंट पँक्रसचे नगरसेवक होते. १९६५मध्ये हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस मिळून कॅमडेन झालं, त्यातलंच हे सेंट पँक्रस. तिथल्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष होते. १९३७मध्ये पेलिकन ही ज्ञानविषयक पुस्तकांची माला निघाली, तिच्या पहिल्या संपादकांपैकी ते एक. किंमत सहा पेन्स, कागदी मुखपृष्ठ, खिशात मावेल असा आकार. पहिलं पुस्तक बर्नार्ड शॉचं. इतकं स्वस्त पुस्तक चांगलं असेल कसं, अशी शंका तेव्हाही लोकांना होतीच. आमच्या घराजवळच्या धर्मादाय दुकानात जुनी निळी पेलिकन अजून अधूनमधून मिळतात. हाताला लागलं की आत पहिल्या मालकाने लिहिलेलं नाव मी वाचते. पेन्सिलीने केलेल्या खुणाही बघते.

तर दर्जाचा ठराव बारगळला. पेटीत आता अर्नाळकर आहेत. मी स्वतः पुण्याहून मागवले, दोन. आजोबांनंतर पहिल्यांदाच आमच्या घरात झुंजार आला आणि मी तो रात्री साडेबारापर्यंत वाचला. वपु आहेत. ‘एक होता कार्व्हर’च्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही सतत बाहेर असतात. फॉर्ममधला शेवटचा प्रश्न मी काढला नाही, त्याला एक ओळ जोडली: हे पुस्तक तुम्हाला कुणी दिलं? उत्तरं भराभर आली, आणि बरीच मोठी. ‘ज्ञानेश्वरी’वाल्या गृहस्थांनी, ज्यांना मी दांभिक ठरवून मोकळी झाले होते, पाऊण पान लिहिलंय. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं, ती रोज पोथी उघडून मांडीवर ठेवायची आणि पाठ असलेल्या ओव्या म्हणत पानं उलटायची. कुठलं पान कधी उलटायचं ते ती ऐकून शिकली होती. ती पोथी आता स्विस कॉटेजजवळ त्यांच्या फ्लॅटमध्ये आहे. ‘मृत्युंजय’वाल्या अकरांपैकी सात जणांना ती बक्षीस म्हणून मिळालेली निघाली. वक्तृत्व, निबंध, कबड्डी. तरीही सांगते, सगळं समजून घेतल्यावरही मला ‘मृत्युंजय’ फार लांबलेली वाटते. तेवढं मत मी राखून ठेवलंय.

ऑगस्टमध्ये सुटकेस ताईंच्या घरी होती. मी मुद्दाम वर ‘बनगरवाडी’ ठेवली होती. मास्तरची गोष्ट आहे, ओसाड माळावरची शाळा आहे, त्यांना आवडेल असा माझा होरा. खोड जात नाही. त्यांनी महिनाभराने परत केली, खाकी कागदाचं कव्हर घालून. मी विचारलं, कशी वाटली?

“चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “माणसं खरी आहेत. पण मॅडम, मास्तर सगळ्यांच्या भानगडी निस्तरत हिंडतोय, पोरांना शिकवताना फार कमी दिसला.”

मी एम.ए.ला ‘बनगरवाडी’वर वीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात हे नव्हतं. पुढची बैठक दिवाळीनंतरच्या रविवारी आहे, आमच्याच घरी. खुर्च्या कमी पडणार आहेत, ज्याला शक्य असेल त्याने घडीची एकेक आणावी.